जर्दाळूची कफील

सौदीतल्या ताइफमध्ये माझं पहिलं भांडण एका नळावरून झालं. आम्ही त्याच सकाळी जेद्दाहून घाट चढून आलो होतो. सामान अजून खोक्यांत होतं आणि वाटभर मांडीवर धरून आणलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालावं म्हणून मी खाली अंगणात उतरले होते. अंगणात नळ तीन होते, पण एकाच्याही डोक्यावर फिरवायची चावी नव्हती. मी एका नळाचं बोडकं टोक चिमटीत धरून फिरवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "नाय फिरायचा ता, बाय. चाव्या माझ्या खिशात हायत."

परमुलखात पहिल्याच दिवशी मराठी कानावर पडलं तर माणसाला गहिवरून यावं. मला राग आला. वळून पाहिलं तर साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते. वर जाड निळं जाकीट, खाली चौकड्यांची लुंगी, डोक्यावर लोकरी टोपी, आणि महिना सप्टेंबर. त्यांनी विचारल्याशिवाय माझ्या कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढलं आणि लुंगीला पुसलं.

"माती ओली हाय. पानी कशाला? आनि हा कढीपत्ता खालच्या लोकांचा. जेद्दातच ठेवायचा होतात. हितं थंडीत जायचा."

"मी डॉक्टर आहे," मी म्हणाले. हे त्या वेळी का सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही.

"बरा झाला," ते म्हणाले. "मग गेला की तुमाला लवकर कळंल."

डिसेंबरात कढीपत्ता गेला. मला ते आठवड्याने कळलं.

आमच्या हॉस्पिटलच्या स्टाफसाठी जी तीन मजली इमारत होती तिचे हे राखणदार. इथे त्या कामाला हारिस म्हणतात. त्यांचं गाव श्रीवर्धनकडचं, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, आणि ताइफमध्ये निम्मं आयुष्य गेलेलं. इमारतीतल्या केरळी नर्सेसपासून सुदानी रेडिओलॉजिस्टपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. प्लंबरशी ते अरबीत बोलत, मांजरांशी हिंदीत, आणि झाडांशी मराठीत. माणसांशी शक्यतो बोलतच नसत. चालताना जाकिटाच्या खिशातून नळाच्या चाव्यांचा खुळखुळाट व्हायचा आणि तो ऐकून जिन्यात गप्पा मारणाऱ्या बायकासुद्धा हातातल्या बाटल्या मागे लपवायच्या. कारण चाचांच्या मते जगात झाडं मारणारी एकच जमात होती, ती म्हणजे रोज थोडं थोडं पाणी घालणारे प्रेमळ लोक.

त्यांच्या खोलीच्या खिडकीत खोबरेल तेलाची एक बाटली कायम असायची. डोक्याला लावायची वेगळी, ही नुसती बघायची. तेच त्यांचं थर्मामीटर. तेल गोठलं आणि भर दुपारीही विरघळेनासं झालं की ते जाहीर करत, "झाडं झोपली." वसंतात कधीतरी दुपारी तेल पातळ झालं की म्हणत, "उठतायत." माझ्या फोनवर शहराचं तापमान दर तासाला दिसतं, असं मी त्यांना एकदा दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि परत दिला. "यात तेल कुठाय?" एवढंच विचारलं.

जमिनीतला ओलावा बघायला त्यांच्याकडे कुठल्यातरी भंगारातल्या ट्रकची, इंजिनातलं ऑइल मोजायची लांब पट्टी होती. ती झाडापासून हातभर लांब मातीत खुपसायची, बाहेर काढायची, डोळ्यांपुढे धरायची, लुंगीला पुसायची. मेकॅनिक जसा गाडी तपासतो तसंच. पट्टी खाली सहज गेली की माती ओली, मग पाणी नाही म्हणजे नाही. मध्येच अडली की मग खिशातून चावी निघायची, नळावर बसायची आणि पाण्याची बारीक धार दोन-दोन तास चालायची. तीसुद्धा बुंध्याजवळ नाही, लांब, गोल चर काढून. "मुळांनी पानी शोधत जायला पायजे," ते सांगत. "घरपोच दिलात तर ती वरच बसतात. मग वारा आला की झाड पडतो, नि तुमी वाऱ्याला शिव्या घालताय."

इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक पट्टा होता, तिथे मी आले त्यानंतरच्या वसंतात चाचांनी सहा रोपं लावली. दोन बदाम, दोन डाळिंब, एक पीच आणि एक जर्दाळू. आणि मग त्यांनी तो प्रकार केला ज्यामुळे आमच्या इमारतीची हॉस्पिटलात कायमची थट्टा झाली. प्रत्येक रोपाला त्यांनी एक कफील नेमला.

आम्हा सगळ्यांनाच इथे एक कफील असतो, म्हणजे आपली हमी घेणारा मालक. त्याच्या सहीशिवाय पूर्वी पान हलत नसे. चाचांनी हाच कायदा झाडांना लावला. डब्याचा पत्रा कापून प्रत्येक रोपासाठी त्यांनी बिल्ला केला, त्यावर खिळ्याने झाडाचं नाव आणि खाली कफीलचा फ्लॅट नंबर कोरला. हा रोपाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना. "तीन वर्सं हा परदेशी हाय," ते म्हणाले. "तवर याचा कोन तरी पायजे. चौथ्या वर्सापासून मग तो हितला."

जर्दाळूच्या बिल्ल्यावर माझा फ्लॅट नंबर निघाला. मी खूश झाले. ज्याला त्याला सांगितलं. नंतर कळलं की चाचांनी सर्वांत चिवट रोप माझ्या नावावर लावलं होतं.

आता माझ्या कामाविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी लाज त्यातच आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवायचं, ती झोपेत आहेत तोवर त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि वेळेवर उठवायचं, एवढंच मी गेली पंधरा वर्षं करते. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर नातेवाईक विचारतात तेव्हा मी रोज दोन-चारदा तरी म्हणते, "नायमा, बस नायमा." झोपलीय, नुसती झोपलीय. माझं अरबी त्यापुढे फारसं गेलेलं नाही, पण तेवढे शब्द अगदी पक्के आहेत.

कफील झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जर्दाळूला सलाइन लावलं. हसू नका, साधं पाणी होतं. दोन रिकाम्या बाटल्या, दोन ड्रिपचे सेट, मिनिटाला मोजून थेंब. नळाला चावी नव्हती ना, मग मी घरातून सोय केली. नवरा आमच्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. तो बाल्कनीतून बघून म्हणाला, "पेशंटचं नाव काय?" चौथ्या दिवशी चाचांनी पट्टी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी बाटल्या काढल्या, नळ्या गुंडाळल्या आणि सगळं माझ्या हातात ठेवलं.

"बाय, तो आजारी नाय."

मग मी त्याला बांधलं. इथे दुपारनंतर कोरडा वारा सुटतो आणि रोप इतकं डोलायचं की मला बघवेना. तीन काठ्या रोवल्या आणि बँडेजच्या पट्टीने तीन ठिकाणी घट्ट आवळलं, एकदम सरळ. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सुबक बँडेज असेल. चाचांनी दोन गाठी पूर्ण सोडल्या आणि तिसरी इतकी सैल केली की तिच्यात मूठ मावेल.

"डोलू द्या. डोलला की बुंधा जाड व्हतो. तुमी असा धरून ठेवलात तर त्याला उभा ऱ्हायचा कसा कळनार?"

आमची मुलगी त्या वेळी बारावीत होती आणि मी तिच्या अभ्यासाच्या टेबलापाशी रोज दोन तास नुसती बसून असायची. ती बाल्कनीत उभी राहून हे ऐकत होती. तिने वरून ओरडून सांगितलं, "मम्मा, आय लाइक धिस मॅन."

इथे एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते, जी मला फार उशिरा कळली. त्या पट्ट्यावर चाचांनी याआधी दोनदा झाडं लावली होती आणि दोन्ही वेळा ती काढून गाड्यांसाठी फरश्या बसवायचं ठरलं होतं. एकदा बसवल्याही होत्या, मग पाइप फुटला म्हणून उखडल्या. या वेळी हाउसिंग ऑफिसच्या मॅनेजरकडे चाचा इतके खेटे घालत राहिले की त्याने शेवटी अट घातली: येत्या मार्चमध्ये पाहणी होईल, सहाच्या सहा जिवंत असतील तर जागा झाडांची, एक जरी मेलेलं असेल तर गाड्यांची. चाचांचं काम त्यानंतर संपणार होतं. कंपनीने वयाचं कारण देऊन तसं कळवलंही होतं. इतक्या वर्षांत या मुलखात आपण लावलेलं एक तरी झाड मागे उभं राहावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. यातलं त्यांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सावध राहिले असते, असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. मी तेच केलं असतं, फक्त जास्त जोरात.

डिसेंबरच्या सुरुवातीला चाचा अडीच महिन्यांच्या रजेवर निघाले. घरी चाचींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. निघताना ते आमच्या दारात आले, खिशातून नळाची एक चावी काढली, पट्टी काढली आणि दोन्ही माझ्यापुढे धरली. अख्ख्या इमारतीत हा मान मला मिळाला होता. मी डावा हात उजव्या हाताखाली धरून ते घेतलं, प्रसाद घेतात तसं.

"दहा दिसांनी एकदा पानी," ते म्हणाले. "ऊन असंल त्या दिसाला, दुपारी. हितं पाऊस नाय, वारा सगळा सुकवून टाकतो, म्हनून तेवढा द्यायचा. बाकी काय करायचा नाय."

"आणि खत?"

"काय नाय."

"थंडी जास्त पडली तर?"

"मी बुंध्यांना फडकी गुंडाळलीत. तुमी काय करायचा नाय."

"कीड?"

चाचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं त्यांना चावी परत मागायची होती. पण खाली टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" करत होता.

मी काही न करण्याचा आटोकाट प्रयत्न केला. बारा दिवस केला. मग जर्दाळूची पानं पिवळी पडली आणि गळायला लागली. आमच्या सांगलीकडे झाडं पानं टाकत नाहीत असं नाही. पण पिंपळ आज पानं टाकतो आणि पंधरवड्यात तांबूस पालवीने भरतो. इथे पंधरवडा गेला, तीन आठवडे गेले, आणि समोर नुसती काठी. मागच्या हिवाळ्यात मी ऑपरेशन थिएटर आणि घरातला हीटर यांच्यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं, त्यामुळे शहरातली अर्धी झाडं अशीच उघडी उभी असतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी एक दिवसाआड पाणी घातलं. खताची पुडी आणून घातली. बुंध्याला माझी लोकरी शाल गुंडाळली. मग पीचची पानं गेली, बदामांची गेली, डाळिंबांची गेली, आणि मला वाटलं, साथ आली. माझ्या झाडापासून सुरू झालेली साथ.

डॉक्टरला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. एक अवयव काढून बाकी शरीर वाचवायचं. मी स्वतःच्या पायांनी हाउसिंग ऑफिसात गेले आणि मॅनेजरला इंग्रजीत म्हणाले, एक झाड मेलंय, ते लगेच काढा, नाहीतर बाकीची जातील. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने इमारतीतून वस्तू हलवायचा फॉर्म पुढे केला. त्या फायलीत आधीचे जे कागद होते ते सोफा, फ्रिज आणि एक पाळणा यांचे होते. वस्तूचं नाव: जर्दाळूचं झाड. वस्तूची अवस्था: मृत. जबाबदार व्यक्ती: मी. सही. आणि सहीखाली हाताच्या सवयीने मी वेळही लिहिली, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

दुपारी कुदळ घेऊन एक कामगार आला. मी खाली उभी होते, चेहरा गंभीर करून. त्याने चार घाव घातले, रोप हलवलं आणि ओढलं. ते येईना. इतकं मेलेलं झाड जमिनीला एवढं का धरून बसलंय, असा विचार माझ्या मनात आला आणि तेवढ्यात ते मोठा आवाज होऊन निघालं. तुटलेली मुळं आतून पांढरीशुभ्र होती आणि ओली. कामगाराने एक फांदी वाकवली, ती मोडेना. त्याने तिच्यावर अंगठ्याचं नख ओढलं. सालीखाली कोवळा हिरवा रंग होता.

"दकतूरा," तो म्हणाला, "अखदर." हिरवं आहे.

त्याच वेळी मॅनेजर फेरी मारत आला. त्याने खड्डा पाहिला, मग बाकीच्या पाच काठ्यांकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "हीसुद्धा तशीच दिसतायत. अट हारिसला माहीत आहे. उद्या बाकीची काढू, फरश्यांचं सामान आलेलंच आहे." अट कुठली, हे मी विचारलं. त्याने सांगितलं.

चाचांना फोन लावण्याआधी मी दोन वेळा नंबर फिरवून बंद केला. तिसऱ्यांदा व्हिडिओवर ते दिसले. अंगणात खुर्चीवर बसले होते, मागे कोंबड्या होत्या, आणि डोक्यावर टोपी नव्हती. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मी सगळं सांगितलं. पाणी, खत, शाल, फॉर्म, सही, वेळ.

"मुळं आता उन्हात हायत काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलत काय बसलाय? आधी सावली करा!"

पुढचा अर्धा तास त्यांनी श्रीवर्धनजवळच्या त्या अंगणातून माझ्याकडून जर्दाळू परत लावून घेतलं. ओलं पोतं मुळांभोवती. फाटलेली मुळं माझ्या कात्रीने सरळ कापून. खड्डा पहिल्यापेक्षा खोल नाही, बुंधा जिथे रुंद होतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. माती पायाने दाबायची नाही. पाणी एकदाच, पोटभर. कामगारही थांबला आणि त्याने कुदळ बाजूला ठेवून हातांनी माती ओढली. मी थिएटरमध्ये दुसऱ्यांच्या हातांकडे बघत असते. त्या दिवशी माझेच हात मनगटापर्यंत चिखलात होते.

"आता?" मी विचारलं.

"आता तुमी कामाला जावा."

"चाचा, मॅनेजरला काय सांगू?"

"खरा ता सांगा." मग चढ्या आवाजात नाही, अगदी साधेपणाने म्हणाले, "मला हितनं कायमचा निघायच्या आधी ती सहा उभी बघायचीत, बाय. मी कुनाला बोललो नाय. पन बघायचीत."

मला रडू आलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी ऑफिस उघडताच मॅनेजरसमोर उभं राहून मी अर्ज दिला की काल दिलेलं माझं मत चुकीचं होतं, झाड मेलेलं नाही, फॉर्म रद्द करावा आणि बाकीच्या झाडांना मार्चच्या पाहणीपर्यंत हात लावू नये. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"दकतूरा, काल मेलेलं होतं. आज जिवंत आहे?"

"नायमा," मी म्हणाले. "झोपलंय. मेलेलं नाही, नायमा."

"आणि हे तुम्हाला काल कळलं नाही."

"नाही कळलं."

"तुम्ही भूल देता ना?"

"हो."

त्याने फॉर्म फाडला. मनाने खरोखर चांगला होता. मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. ते मी आता जेद्दालाच करीन म्हणतो."

दुसऱ्या दिवसापर्यंत हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. आमचे सर्जन चाकू हातात घेण्याआधी माझ्याकडे वळून विचारायला लागले, "नक्की झोपलाय ना? तुमची खात्री आहे? नखाने बघू का?" एका नर्सने माझ्या टेबलावर वाळकी काडी आणून ठेवली आणि तिला मनगटावर बांधायचा कागदी पट्टा लावला. मी ती टाकली नाही. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर चाचा परत आले. त्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली होती, त्यांना तोंड दाखवायला लागू नये म्हणून. ती युक्ती फुकट गेली. संध्याकाळी पाचला मी आले तेव्हा ते पट्ट्यातच होते, हातातली बॅग अजून खाली न ठेवता. दोन्ही बदाम फुलले होते, फिकट गुलाबी. पीचला डोळे फुटत होते. जर्दाळूपाशी ते थांबले, वाकले, माझी शाल सोडली, तिची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"थंडी वाजत होती काय त्याला?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी त्या विषयावर ते एवढंच बोलले.

फेब्रुवारी संपला. डाळिंबांना तांबूस कोंब आले. पीच फुललं. जर्दाळू होतं तसंच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचांचा फायनल एक्झिट निघाला, म्हणजे आता परत यायचं नाही. इथे सोडून जाणाऱ्या माणसाला एक कागद पुरा करावा लागतो. काय काय ताब्यात होतं, कोणाकडे सोपवलं, कोणत्या अवस्थेत, आणि घेणाऱ्याची सही. नवा हारिस अजून आला नव्हता, म्हणून झाडांची यादी घेऊन ते आमच्याकडे आले. पाहणीला मॅनेजर दुपारी येणार होता आणि तो हाच कागद बघणार होता. चाचांनी मोठ्या वाकड्या अक्षरांत मराठीत आणि खाली अरबीत लिहिलं होतं: बदाम दोन, जिवंत. डाळिंब दोन, जिवंत. पीच एक, जिवंत. जर्दाळू एक, जिवंत.

मी पेन उघडलं आणि थांबले.

"चाचा, जर्दाळूचं आपल्याला नक्की माहीत नाही."

"चला खाली," ते म्हणाले.

खाली त्यांनी मला नख ओढायला लावलं. गुडघ्याच्या उंचीवर साल कोरडी, आतून तपकिरी. वीतभर खाली, तपकिरी. मी गुडघ्यांवर बसले आणि मातीपासून चार बोटं वर नख ओढलं. आत जो रंग दिसला त्याला हिरवा म्हणायचं की पिवळा ते मला ठरवता येईना. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मेला म्हनून सही करताना तुमाला लगेच सांगता आला," चाचा म्हणाले. "वेळ पन लिवलात. आता जिवंत म्हनून करायचीय तर हात का अडतोय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. इतकी वर्षं मी वाईट बातमीवर चटकन विश्वास ठेवत आले होते आणि त्यालाच अनुभव समजत होते. मी तिथेच, मातीत बसल्या बसल्या, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. वेळ लिहिली नाही.

दुपारी मॅनेजर आला. त्याने सहा मोजले, जर्दाळूपाशी थांबला, कागदावर माझी सही पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. पित्ताशय काढून तो चांगला बरा झाला होता. "दकतूरा," त्याने विचारलं, "नायमा?"

"नायमा," मी म्हणाले.

तो हसला आणि कागदावर शिक्का मारला.

चाचा गेले. जाताना त्यांनी मला तिन्ही चाव्या दिल्या, पट्टी दिली आणि खिडकीतली खोबरेलाची बाटली दिली. विमानतळावर सोडायला येऊ का विचारलं तर म्हणाले, "खलास, कशाला? हितं पानी आज द्यायचाय." मग टॅक्सीत बसताना पुन्हा काच खाली करून सांगितलं, "आनि बाकी काय करायचा नाय."

मी केलं नाही. दर दहा दिवसांनी दुपारी पाणी, बाकी काही नाही. मार्च संपला. बाटली आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि चहा करताना मी रोज तिच्याकडे बघायची. नवऱ्याने एकदा विचारलं, झाडाचं काय झालं. मी म्हटलं, माहीत नाही. हे दोन शब्द आमच्या घरात त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, असं त्याचं म्हणणं आहे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, तेल पातळ झालं. मी गॅस बंद करून खाली पळाले. वरची काठी वाळलेलीच होती. पण मातीपासून चार बोटं वर, माझ्या नखाच्या ओरखड्याच्या शेजारी, एक कोंब होता. करंगळीच्या नखाएवढा, तांबूस हिरवा. मी जमिनीवर बसून त्याचे बारा फोटो काढले, सगळे हललेले. मग चाचांना फोन लावला.

फोन चाचींनी उचलला. मी कोण ते सांगितलं. "हां हां, जर्दाळूवाली डॉक्टरीन," त्या म्हणाल्या. "ते जेवून झोपलेत जरा. उठवू काय?"

"नको, नको," मी म्हणाले. "झोपू द्या त्यांना." आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. "श्वास नीट चालू आहे ना?"

चाची खूप हसल्या. "मग काय! ऐकताय?" असं म्हणून त्यांनी फोन चाचांच्या उशाशी नेला. मी त्या पट्ट्यात बसून ऐकत राहिले. दमदार, सावकाश घोरणं, मध्ये पंख्याचा आवाज, लांब कुठेतरी कोंबडा. सवयीने मी घड्याळाकडे पाहून मिनिटाला किती ते मोजायला लागले. मग मोजायचं सोडून दिलं.

"उठले की काय सांगू?" चाचींनी विचारलं.

"सांगा," मी म्हणाले, "जर्दाळू त्यांच्या आधी उठलं."